व्हीएमला चार प्रोसेसर दिले, दिसतात दोनच

मार्च संपत आला होता. एका सीएंच्या ऑफिसमधून फोन आला, "मॅडम, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडायला लावायचं आणि चहा टाकायचा, इतका वेळ जातो." त्यांच्याकडे प्रॉक्समॉक्सवर (एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारी प्रणाली) विंडोज १० प्रोची एक व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने तयार केलेला आभासी संगणक, चालते. तिला २ सॉकेट (प्रोसेसरची चिप बसायची जागा) होते, प्रत्येकात १ कोअर (चिपमधलं प्रत्यक्ष काम करणारं एकक). मी घरूनच सॉकेट २ चे ४ केले, विंडोजच्या आतून रीस्टार्ट दिला, टास्क मॅनेजर उघडला. दोनच. पुन्हा रीस्टार्ट. दोनच.

आतून रीस्टार्ट दिला की फक्त विंडोज नव्याने सुरू होतं. होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्याच्यावर चालते त्या खऱ्या मशीनवर, त्या व्हीएमची जी क्यूईएमयू प्रोसेस (व्हीएम चालवणारा प्रोग्राम) चालू असते, ती बंद होतच नाही, त्यामुळे ती जुन्याच आकड्यावर चालत राहते. प्रॉक्समॉक्समधल्या हार्डवेअरच्या पानावर जुन्या आकड्याखाली नवा आकडा वेगळ्या रंगात ताटकळत होता. मी तिकडे बघितलंच नव्हतं. व्हीएम पूर्ण शटडाउन केली आणि होस्टवरून स्टार्ट केली. (प्रॉक्समॉक्सचं स्वतःचं रीबूट बटण दाबलं तरी चालतं.) रंग गेला. टास्क मॅनेजरमध्ये? दोनच!

इथे माझा अर्धा तास गेला, कारण मी जुनाच दोष शोधत बसले. आकडा तोच होता, पण कारण बदललं होतं. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरतं, होम तर एकच. माझे चार म्हणजे चार वेगळे सॉकेट, त्यातले दोन विंडोजने सोडून दिले. १ सॉकेट, ४ कोअर असं केलं आणि चारही दिसले.

तेव्हापासून मी आकडा कुठे हरवला ते बाहेरून आत शोधत येते. आधी होस्टवरच्या सेटिंगमध्ये नवा आकडा आहे का, मग तो लागू झालाय का, मग गेस्टला (व्हीएमच्या आतल्या विंडोज किंवा लिनक्सला) दिसतो का, आणि शेवटी प्रोग्राम तो वापरतो का. एका पायरीची खात्री झाल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

सेटिंगच बदलता येत नसेल तर व्हीएम बंद आहे का ते बघा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणारं दुसरं सॉफ्टवेअर) ती 'सेव्ह्ड' (आहे तशी गोठवून ठेवलेल्या) अवस्थेत असेल तरी प्रोसेसरचा आकडा हलत नाही. लिबव्हर्टमध्ये (लिनक्सवर व्हीएम सांभाळणारं साधन) सॉकेट, कोअर आणि थ्रेड (एका कोअरवर एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) यांचा गुणाकार कमाल व्हीसीपीयूंइतकाच (व्हीएमच्या आभासी प्रोसेसरांइतकाच) भरावा लागतो. फक्त एकच आकडा वाढवला तर ते अडून बसतं.

लिनक्स गेस्ट असेल तर 'एलएससीपीयू' ही प्रोसेसरांची माहिती दाखवणारी आज्ञा चालवा. चालू व्हीएमला सीपीयू जोडला असेल तर कधीकधी तो 'ऑफलाइन'च्या ओळीत पडून असतो. त्या सीपीयूच्या 'ऑनलाइन' फाइलमध्ये १ लिहिला की कामाला लागतो. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बूट ओळीत कुणी 'मॅक्ससीपीयूज' ही प्रोसेसरांची मर्यादा ठेवून गेलंय का तेही बघा. विंडोजमध्ये तसाच खोडसाळपणा 'एमएसकॉन्फिग' या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये, बूटच्या ॲडव्हान्स्ड पर्यायांत लपलेला असतो.

गेस्टला सगळे दिसतात, तरी डेटाबेस रेंगाळतोय? एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसची मोफत आवृत्ती) १ सॉकेट किंवा ४ कोअर, यातलं जे कमी पडेल तेवढंच वापरतं. म्हणजे ४ सॉकेट आणि प्रत्येकी १ कोअर अशा मांडणीत त्याच्या वाट्याला एकच कोअर येतो.

व्हीएमला दाखवायचा प्रोसेसरचा प्रकार बदलताना जास्त जपा. रॉकी लिनक्स ९ ला किमान एक्स८६-६४-व्ही२ (सीपीयूच्या क्षमतेची एक पातळी) इतका सीपीयू लागतो. प्रॉक्समॉक्समधला जुना 'केव्हीएम६४' प्रकार दिलात तर बूट होतानाच जीलिबसीची (लिनक्सच्या प्रोग्रामांना लागणाऱ्या मूळ लायब्ररीची) फेटल एरर येऊन मशीन अडतं. डिस्क बिघडली समजून बॅकअप शोधू नका, प्रकार बदला. एकच होस्ट असेल तर मी सरळ 'होस्ट' (खऱ्या मशीनचा सीपीयू जसाच्या तसा) निवडते. व्हीएम चालू ठेवून वेगवेगळ्या पिढीच्या सर्व्हरांमध्ये हलवायची असेल तर मात्र सगळ्या सर्व्हरांना झेपेल असा सामाईक प्रकार घ्यावा लागतो.

कोअर वाढवूनही व्हीएम मंदच असेल तर लिनक्समध्ये 'टॉप' हा प्रोग्राम उघडून 'एसटी'चा आकडा बघा. ही आपली लाल परी नव्हे. व्हीएमला सीपीयू हवा होता, पण होस्ट तो दुसऱ्या कुणाला देऊन बसला होता, असा वेळ तिथे दिसतो. तो सतत वर असेल तर आणखी कोअर देऊन काही होणार नाही. शेजारच्या व्हीएमना उगाच दिलेले कोअर आधी काढून घ्या.

आणि बदलण्यापूर्वी जुने आकडे त्या व्हीएमच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. सीएंच्या व्हीएमच्या नोट्समध्ये आता लिहिलंय: "आधी २ × १. सॉकेट वाढवू नये."