मल्हार म्हणजे नेमका कुठला मल्हार? असं ओळखा

नाशिकच्या वाचनालयात किंवा फोनवर नुसतं ‘मल्हार’ शोधू नका, सगळं एकत्र येतं, शेजारचा शब्द बघा. मियाँ, गौड, मेघ असं आधी असेल तर राग, खात्री करायची तर मियाँ मल्हार लावून नीट ऐका, कोमल नी आणि शुद्ध नी हे स्वर एकापाठोपाठ येतात ना, तिथे अंगावर काटाच येतो. ‘कोळी मल्हार’ लिहिलंय तर ती अनुसूचित जमात, आपली माणसं आहेत ती, रागाच्या फोल्डरमध्ये टाकू नका प्लीज आणि महादेव कोळ्यांतही मिसळू नका, यादीत नोंद वेगळी आहे. चांदवडचा रंगमहाल, म्हणजे होळकरांचा वाडा, दिसला की मल्हारराव होळकर. ‘ललित’चंही तसंच, पंचम म्हणजे ‘प’ स्वर नसलेला राग की १९६४ ला सुरू झालेलं मासिक, अंक-महिना दिला असेल तर मासिकच.