कोकणकडा कसा पाहावा

हरिश्चंद्रगडावरचा कोकणकडा पाहायला जाणारे बरेच जण सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी धापा टाकत पोचतात, काठावर उभं राहून फोटो काढतात आणि अंधारात ठेचकाळत गडावरच्या हरिश्चंद्रेश्वराच्या देवळाकडे परततात. त्यांनी सूर्यास्त पाहिलेला असतो, कडा नव्हे. कडा पाहायला दीड-दोन तास हाताशी हवेत.

त्यासाठी वेळेचं गणित उलटं मांडा. डिसेंबरात सूर्य सहाच्या आसपास मावळतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला सव्वासहाच्या पुढे. म्हणजे साडेचारला कड्यावर पोचायला हवं. देवळापासून कडा अर्ध्या तासाच्या आत येतो, आणि पायथ्याच्या पाचनई गावातून देवळापर्यंत सवयीच्या माणसाला दोन-अडीच तास लागतात. जेवण, केदारेश्वराची गुहा वगैरे धरून दुपारी साडेबाराला पाचनई सोडा. पायथ्याच्याच खिरेश्वर गावाहून टोलार खिंडीच्या वाटेने येणार असाल तर सकाळीच निघा. ती वाट बरीच लांब पडते. माणशी तीन लिटर पाणी, डोक्याला बांधायचा टॉर्च आणि वारा अडवणारं जाकीट जवळ हवंच. मुक्कामाचे नियम बदलत राहतात, ते पायथ्याला विचारून घ्या.

कड्यावर पोचल्यावर काठाकडे धावू नका. आधी पाठपिशवी, टोपी, चष्मा, मोबाइल यांचा बंदोबस्त करा, कारण खालून येणारा वारा कातळाला धडकून सरळ वर उसळतो आणि सैल वस्तू हातातून हिसकावतो. मग काठापासून चार-पाच पावलं मागे बसा. दरीची सवय व्हायला डोळ्यांना थोडा वेळ लागतो. चढून आल्या आल्या खाली डोकावलं की गरगरतं. पाच मिनिटांनी पोटावर झोपा आणि कोपरांवर सरकत पुढे जा. घोटे धरायला मागे एक जण बसलेला असावा. हनुवटी काठाशी आली की थांबा. पोटात गोळा येईल, तळपायांना मुंग्या येतील. येऊ द्या. हे भय टाळून हा कडा बघता येत नाही. आडवं पडलं की फक्त तोल जायचा धोका कमी होतो आणि नजर निवांत फिरते. पावसाळ्यात मात्र झोपूनही काठाशी जाऊ नका, शेवाळलेला कातळ साबणासारखा असतो.

आता मुख्य गोष्ट. कडा सरळ भिंतीसारखा नाही. तो घोड्याच्या नालेसारखा वळलेला आहे आणि माथा नागाच्या फण्यासारखा पुढे झुकलेला. त्यामुळे मधोमध झोपलात तर पायाखालचा कातळ दिसतच नाही, एकदम तळाचं कोकण दिसतं. कड्याची उंची कळायची तर काठापासून अंतर राखून एका टोकाकडे जा आणि समोरच्या बाजूला पाहा. पलीकडे उभी असलेली माणसं मुंग्यांएवढी दिसली की त्यांच्याखालच्या कातळाचं माप आपोआप मनात उतरतं. फोटोही तिथूनच काढा. मधून काढलेल्या फोटोत खोली सपाट होते, मग घरी दाखवताना ‘तिथे जाऊन बघायला हवं’ एवढंच म्हणता येतं.

खाली दगड फेकू नका. तळाच्या बेलपाड्याकडून नळीच्या वाटेने, म्हणजे घळीतून, चढणारी माणसं खाली असू शकतात.

सूर्यास्ताबद्दल एक अपेक्षा आधीच सोडलेली बरी. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात कोकणावर धुरकट थर असतो, त्यामुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच तांब्याच्या परातीसारखा फिका पडत विरून जातो. पावसाळा सरता सरता, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, हवा धुतलेली असते. पण दुपारनंतर ढग गडगडले तर उघड्या कातळावर एक क्षणही थांबू नका. सूर्य गेल्यावर वीसेक मिनिटं संधिप्रकाश राहतो. खालच्या वाड्यांचे दिवे एकेक करून लागतात ते तेव्हाच, आणि आत कुठेतरी हलवून जाणारा क्षण बहुतेकांना तोच वाटतो. तोवर गर्दीही परतलेली असते.

इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्य, पाहायचं असेल तर मात्र सकाळी या. कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी असायला सकाळच हवी. मागच्या डोंगरावरून ऊन कड्यावर आलेलं, दरीत काठाच्या खालपर्यंत धुकं भरलेलं आणि तुमची सावली त्यावर पडलेली, एवढं एकाच वेळी जुळावं लागतं. धुकं काठावर चढलं की ऊन जातं, फार खाली बसलं की सावली पुसट होते. म्हणून तास-दीड तास चिकाटीने बसा. ब्रिटिश लष्करी अधिकारी कर्नल साईक्स यांनी एकोणिसाव्या शतकात इथून ते पाहिल्याची नोंद आहे. पावसानंतरच्या कमानीपेक्षा हे कडं पुष्कळ लहान असतं आणि मधोमध तुमच्याच डोक्याची सावली येते. शेजारी बसलेल्यालाही तसंच दिसतं, फक्त त्याच्या वर्तुळात मधोमध त्याचं डोकं असतं. त्यामुळे ‘माझं बघ’ म्हणून भांडू नये.