क्लिपलेस पेडल: आधी सुटायला शिका

क्लिपलेस पेडल म्हणजे बूट अडकवून धरणारं सायकलचं पेडल. त्यात बूट अडकवणं सोपं, वेळेवर सोडवणं हीच खरी कसरत. क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला लावायचा, पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा. सुरुवातीला दोन बोल्टवाली एसपीडी (शिमानोचा एक प्रकार) क्लीट घ्या. ती बुटाच्या तळव्यात आत बसते, त्यामुळे नीट चालता येतं.

क्लीट चवड्याच्या उंचवट्याखाली किंवा किंचित मागे बसवा. बोल्टला ग्रीस लावून ४ मिमीच्या ॲलन कीने ५ ते ६ न्यूटन मीटरपर्यंत (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळा. इथे आळस नको: बोल्ट ढिला राहिला तर टाच वळवल्यावर बूट फिरतो, क्लीट जागच्या जागी राहते आणि पाय सुटतच नाही. पेडलची पकड किती घट्ट हे ठरवणारा ताणाचा स्क्रू उणे खुणेकडे फिरवून ताण सर्वांत कमी ठेवा. पेडल दोन्ही बाजूंनी अडकणारं असेल तर दोन्ही स्क्रू सारखेच.

आता भिंतीला धरून सीटवर बसा. क्लीटचं टोक पुढच्या हुकात सरकवून चवडा खाली दाबा, ‘टक्’ आवाज येईल. सुटण्यासाठी टाच बाहेर वळवा. घाबरल्यावर पाय आपसूक वर ओढला जातो, नेमकं तेच करायचं नाही. दोन्ही पायांनी वीस-तीस वेळा करा, मग गवताचं मैदान गाठा.

माणूस पडतो तो बहुधा थांबता थांबता. म्हणून थांबायच्या बरंच आधी हलका गिअर टाका, पेडल तळाशी असताना एक पाय सोडवा आणि वजन त्याच बाजूला न्या. उजवा पाय मोकळा आणि सायकल डावीकडे कलली, की संपलं!

गुडघा कुरकुरू लागला तर क्लीटचा कोन अगदी थोडा बदलून पाहा. पहिल्या एक-दोन राइडनंतर बोल्ट पुन्हा आवळा.