कासवाला पाण्यात ढकलायची घाई करू नका

आषाढातली सकाळ. मासेमारी बंद, होडी झापांनी शाकारून ठेवलेली. मी आणि धाकटा भाऊ आंजर्ल्याच्या पुळणीवर वाहून आलेली लाकडं बघायला गेलो होतो. भरतीच्या रेषेवर एक कासव पडलं होतं, मानेत आणि उजव्या परात (म्हणजे वल्ह्यासारख्या पायात) तुटक्या नायलॉन जाळ्याचा गुंता. आम्ही कोयतीने जाळं कापलं, चौघांनी उचलून छातीभर पाण्यात नेलं आणि सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी तेच कासव सुरूच्या बनाखाली मेलेलं मिळालं. परावर आमच्या कोयतीची खूण होती, त्यावरून ओळखलं. त्याला आम्हीच मारलं असं मी म्हणतो. बायको म्हणते, ते मरायलाच टेकलं होतं.

तेव्हापासून जे शिकलो ते इथे लिहितो.

कासव दिसलं की आधी महिना आणि वेळ बघा. नोव्हेंबर ते मार्चमध्ये रात्री एखादी मादी स्वतःच्या बळावर वाळू चढत असेल, तर ती अंडी घालायला आलीय. टॉर्च बंद, मोबाईल बंद, आणि तिच्या मागे लांब उभे राहा. ती खड्डा खणेल, शंभरएक अंडी घालेल, वाळू दाबून परत जाईल. तुमचं काम एवढंच, की कुत्री येऊ देऊ नका आणि सकाळी गावातल्या कासवमित्राला, म्हणजे घरटी राखणाऱ्याला, जागा दाखवा. वेळासला २००२ पासून हे काम चाललंय. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावाला हाताशी धरून ते उभं केलं, आणि आता आमच्याकडच्या पोरांनाही घरटं ओळखता येतं.

पण जून ते ऑगस्टमध्ये दिवसाढवळ्या वाळूवर पडलेलं कासव अंडी घालायला आलेलं नसतं. ते दमलेलं, जखमी किंवा जाळ्यात अडकलेलं असतं. पुष्कळदा त्याला बुडीच मारता येत नाही, लाकडाच्या ओंडक्यासारखं तरंगत लाटांबरोबर येतं. कासव आपल्यासारखंच हवेवर जगतं. मान वर काढायची ताकद नसेल तर ते पाण्यात गुदमरून मरतं, आणि पावसाळी वारा त्याला पुन्हा खडकांवर आणून आपटतो. म्हणून पाण्यात सोडायचं नाही.

मग करायचं काय? पहिला फोन १९२६ ला, वनखात्याची हेल्पलाइन. खाडीच्या तोंडाशी आमच्याकडे रेंज नसते, त्यामुळे एकाला वर रस्त्यावर पिटाळायचं. तोवर कासव लाटेच्या माऱ्यातून बाहेर घ्या. दोघांनी कवचाची पुढची आणि मागची कड धरायची. पर धरून ओढू नका, उताणं करू नका, आणि तोंडापासून हात लांब ठेवा. खेकडे फोडणारी चोच आहे ती. मोठं ऑलिव्ह रिडले (आपल्या किनाऱ्यावर येणारी कासवाची जात) ४० किलोच्या आसपास भरतं, तेव्हा कंबर सांभाळून. सावलीत पोटावर ठेवा, पाठीवर ओलं गोणपाट घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, काही खायला घालू नका. एका पाहुण्याने बिस्किट पुढे केलेलं मी पाहिलंय!

जाळं कापायला कोयती नको. बोथट टोकाची कात्री घ्या, दोर आणि कातडीच्या मध्ये आपलं बोट घालून कापा. दोर मांसात रुतला असेल तर उपसू नका, सुटा भाग कापून बाकी डॉक्टरवर सोडा. तोंडातून किंवा मागून तंगूस (म्हणजे गळाचा नायलॉन दोरा) लोंबत असेल तर तो अजिबात ओढायचा नाही. त्याचं दुसरं टोक आतड्यात असतं.

आता बोटीवरची गोष्ट. जाळ्यात धडधाकट, पर मारणारं कासव आलं तर फार वेळ ठेवू नका. इंजिन न्यूट्रलला, आसपास कुणाचं जाळं नाही ना हे बघून, डोक्याकडून पाण्यात अलगद सरकवा. पण जाळ्यात बराच वेळ बुडालेलं कासव मेल्यासारखं निपचित वर येतं. खलाशी म्हणतात, गेलं, टाक. टाकू नका. पोटावर ठेवा, मागची बाजू ६ इंच उंच होईल असं खाली दुमडलेलं जाळं सरकवा, म्हणजे फुफ्फुसातलं पाणी तोंडावाटे निघतं. अंग ओलं आणि सावलीत ठेवा. मधूनमधून डोळ्याच्या कडेला, शेपटीला हलकेच बोट लावून बघा. निदान ४ तास थांबा, २४ तासही लागू शकतात. एवढा वेळ कुणाला आहे, असं आमचा तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, म्हणाला होता. पाच तासांनी त्याच कासवाने फळीवर पर आपटला तेव्हा तो सगळ्यात मोठ्याने ओरडला.

जाळं कापावं लागलं तर भरपाई आहे. २०१८ च्या अखेरीपासून कासव, गादा (म्हणजे डॉल्फिन) असे संरक्षित प्राणी जाळं कापून सोडले तर कांदळवन आणि मत्स्य विभागाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत मिळतात. पुरावा लागतो, म्हणून कात्रीच्या आधी मोबाईल काढा: अडकलेला प्राणी, कापणं, सोडणं, तिन्ही दिसू दे. माझा पहिला अर्ज फोटो अंधुक म्हणून परत आला. चिडलो, पण फोटो खरंच अंधुक होता. अंडी विकणं, मांस खाणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, हे वेगळं सांगायला नको.

आणि परावर धातूचा बिल्ला दिसला तर तो काढू नका, त्याच्या नंबरचा फोटो घ्या. जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालायला आलेल्या मादीच्या परावर ०३२३३ असा नंबर होता. २०२१ मध्ये तो तिला ओडिशात लावलेला. कुणीतरी वाळूत वाकून तो वाचला म्हणून कळलं. मी माझ्या होडीत आता डब्यात कात्री, एक गोणपाट आणि प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल ठेवतो. कात्री गंजते, दर अमावास्येला तेल लावावं लागतं.