कारच्या चावीतला सेल बदलताना: कवच न मोडता, चिप न हरवता

सेल काढला की चावीचं कोडिंग जातं आणि मग शोरूमशिवाय गत्यंतर नाही, असं अजूनही ठामपणे सांगितलं जातं. बहुतेक गाड्यांच्या बाबतीत हे चूक आहे. चावीची ओळख ज्या मेमरीत असते ती सेलवर अवलंबून नसते. सेल तासभर बाहेर राहिला तरी ती पुसली जात नाही. सांगलीत हरभट रोडला किंवा विश्रामबागेत घड्याळवाल्याकडे जाऊन सेल घ्यावा आणि घरच्या टेबलावर काम उरकावं. या कामात नुकसान होतं ते सेल बसवताना नव्हे, कवच उघडताना.

आधी दोष सेलचाच आहे ना, ते बघा. पूर्वी अंगणाच्या फाटकातून उघडणारी गाडी आता दाराला चिकटून उभं राहिल्यावर उघडत असेल, चावीवरचा दिवा मंद लागत असेल, बटण दोन-तीनदा दाबावं लागत असेल, तर सेल संपत आला आहे. घरातली दुसरी चावी वापरून बघा. ती नीट चालली तर पहिल्या चावीचा सेल बदला. दोन्ही चाव्या एकाच दिवशी बंद पडल्या तर सेलच्या मागे लागू नका, गाडीची १२ व्होल्टची बॅटरी तपासा. मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर बटण दाबून चावी तपासण्याचा सल्ला इथे निरुपयोगी आहे. कॅमेऱ्याला टीव्हीच्या रिमोटचे इन्फ्रारेड किरण दिसतात. आजच्या गाड्यांच्या चाव्या रेडिओ लहरींवर चालतात.

मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. २.९ च्या खाली गेलेला सेल बदलाच. मात्र ३ व्होल्ट दिसले म्हणून सेल चांगला, असं समजू नका. लिथियमचा सेल नुसता, काहीही न जोडता मोजला तर शेवटपर्यंत बरा दिसतो आणि बटण दाबताच त्याचा व्होल्टेज कोसळतो.

सेलवरचा आकडा हा त्याचा आकार असतो. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. २०१६ फक्त १.६, १६२० म्हणजे १६ मिलिमीटर व्यास, २ मिलिमीटर जाडी. सगळे ३ व्होल्टचेच, म्हणून दुकानदार ‘हा पण चालतो’ म्हणत शेजारचा सेल पुढे करतो. घेऊ नका. २०३२ च्या जागी २०२५ घातला की ०.७ मिलिमीटरची पोकळी राहते. खिशात चावी हलली की संपर्क तुटतो. ती पोकळी भरायला चॉकलेटची चांदी घडी करून घालणं हा तर सर्वांत वाईट सल्ला. ती सरकून सेलला टेकणाऱ्या धातूच्या दोन्ही पट्ट्यांना एकदम टेकली की नवा सेल शॉर्ट होऊन रिकामा होतो. उलट, २०२५ च्या जागी २०३२ दाबून बसवला तर पट्टी कायमची वाकते. एलआयआर २०३२ हा चार्ज होणारा सेल आहे, भरल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो; तो चावीत घालू नये. शेजाऱ्याकडे तेच मॉडेल असलं तरी त्याचा आकडा विचारू नका, वर्षानुसार चावी बदलते. आपला जुना सेल काढून त्यावरचा आकडा वाचा आणि पाकिटबंद, तारीख छापलेला सेल घ्या. डबीत सुटे ठेवलेले सेल एकमेकांना टेकून आधीच निम्मे उतरलेले असू शकतात.

कवच उघडणं

इथे घाई नको. चावी कोणत्या जातीची आहे ते आधी ओळखा. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीच्या स्मार्ट चावीत एक साधी लोखंडी चावी लपलेली असते. बाजूचा खटका सरकवून ती ओढून काढा. जिथून ती निघाली त्या पोकळीत कवचाच्या सांध्यावर एक खाच सापडते. उघडायचं तिथूनच. दुमडणाऱ्या चावीत पातं बाहेर काढून मागची बाजू बघा, बहुतेक वेळा सेलचं झाकण वेगळं असतं. तिच्या स्प्रिंगच्या दांडीला हात लावू नका. दांडी निघाली की स्प्रिंगचा पीळ सुटतो आणि तो पुन्हा भरणं किचकट असतं. तिसरी जात म्हणजे जुन्या गाड्यांची सरळ चावी, जिला बारीक चौफुलीचा स्क्रू असतो. त्याला नेमक्या मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. मोठ्या टोकाने स्क्रूचं डोकं एकदा गुळगुळीत झालं की साध्या हाताने तो निघत नाही.

आता हत्यार. सुरी नको, ब्लेड नको, घरातला जाड पेचकस तर नकोच. जुनं एटीएम कार्ड किंवा ३ मिलिमीटरचा चपटा स्क्रू ड्रायव्हर पुरे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या म्हणजे कडेवर ओरखडे येणार नाहीत. टोक खाचेत फार तर २ मिलिमीटर आत जाऊ द्या. त्याच्या आत सर्किट आहे.

टोक आत गेल्यावर ते वर उचलायचं नाही, जागच्या जागी पिळायचं. सगळा फरक इथे आहे. कवचाच्या कडेने आतून प्लास्टिकचे बारीक आकडे एकमेकांत अडकलेले असतात. एका जागेवरून पहार लावल्यासारखं उचललं की समोरच्या बाजूच्या आकड्यांवर सगळा जोर जातो आणि ते मोडतात. मोडलेले आकडे बाहेरून दिसत नाहीत. चावी बंद झाल्यासारखी वाटते, पण पुढे खिशात उघडते आणि पावसाळ्यात तिच्यात पाणी शिरतं. पिळलं की सांधा मिलिमीटरभर फाकतो, ‘टक्’ असा एक आवाज येतो आणि एक आकडा सुटतो. मग एक सेंटिमीटर पुढे सरका, पुन्हा पिळा. कडेने अशी फेरी पूर्ण होत आली की दोन भाग बोटांनी सुटतात. जोर लावूनही आवाज येत नसेल तर थांबा: कुठेतरी स्क्रू राहिला आहे किंवा तुम्ही नुसत्या शोभेच्या रेघेला सांधा समजत आहात.

डिसेंबरच्या पहाटे गार पडलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं. चावी पाच मिनिटं मुठीत धरून ठेवा आणि मग उघडा. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीतून काढलेली चावी मात्र गार होऊ द्या, मऊ कडेवर हत्याराचा खड्डा पडतो.

उघडताना चावी काठ असलेल्या ताटात, फडक्यावर, बटणं खाली करून धरा. त्याचं कारण चिप. काही चाव्यांत इमोबिलायझरची, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची, चिप सर्किटवर नसते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी अशी काचेची नळी किंवा काळा तुकडा कवचात सुटा बसवलेला असतो. तिला सेल लागत नाही, इग्निशनच्या कुलपाभोवतीच्या तारेच्या वेटोळ्यातून तिला वीज मिळते. ती पडली आणि केरात गेली तर रिमोटने दार उघडेल, पण इंजिन चालू होणार नाही किंवा लागून लगेच बंद पडेल. नवी चिप गाडीशी जुळवून घ्यावी लागते आणि तो खर्च मात्र खरा असतो. रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून नुसतं कवच बदलून घेत असाल तरी तिथून हलण्याआधी गाडी सुरू करून बघा.

सेल, पट्ट्या आणि ओल

सेल काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो घ्या. सपाट, अक्षरं असलेली बाजू अधिक. ती वर की खाली हे प्रत्येक चावीत वेगळं असतं. ज्या बाजूला धातूची पट्टी नाही तिकडून कार्डाच्या कोपऱ्याने सेल उचला. पट्टी वाकली तर चावी कधी चालते, कधी नाही, आणि दोष शोधत बसावं लागतं. लोखंडी चिमट्याने सेलच्या दोन्ही बाजू एकदम धरू नका.

पट्ट्यांवर हिरवट किंवा पांढरा थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून पुसा, राहिलेलं खोडरबरने. पॉलिश पेपरने मुलामा निघून गंज वाढतो. काही सेलवर मुलांनी गिळू नये म्हणून कडू लेप असतो. संपर्क लागत नसेल तर तोही याच अल्कोहोलने पुसा.

भिजलेल्या चावीबद्दल २०१९ च्या महापुरानंतर सांगलीत पुष्कळ चुकीचं सांगितलं गेलं. तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नाही. सेल ताबडतोब काढा, कारण ओल आणि वीज एकत्र आली की सर्किटचं तांबं झपाट्याने गंजतं. मग सर्किट स्वच्छ पाण्याने, नंतर अल्कोहोलने धुवा आणि सावलीत दिवसभर वाळवा.

नवा सेल बसवा, बंद करण्याआधी बटण दाबून दिवा बघा, रबराची कड जागेवर आहे ना ते पाहा आणि अंगठ्यांनी सगळ्या कडा दाबा. दिवा लागतो पण गाडी प्रतिसाद देत नसेल तर काही गाड्यांत चावी इग्निशनमध्ये घालून चालू स्थितीत लॉकचं बटण दाबलं की पुन्हा मेळ बसतो. नेमकी रीत गाडीच्या पुस्तिकेत असते.

जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना टेप लावा आणि ई-कचऱ्यात द्या. तो टेबलावर पडू देऊ नका. लहान मुलाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांतही भाजू शकते. उलटी काढायच्या भानगडीत न पडता थेट रुग्णालय गाठा आणि पाकिटावरचा आकडा सोबत न्या.

सागरेश्वर किंवा चांदोलीच्या जंगलात गेल्यावर सेल दगा देऊ शकतो. स्मार्ट चावीतल्या लोखंडी चावीने दार उघडा. अलार्म वाजला तर घाबरू नका, गाडी सुरू झाली की थांबतो. मग चावीच स्टार्ट बटणाला टेकवून त्याच चावीने बटण दाबा. काही गाड्यांत ती ठेवायची जागा वेगळी असते, ती पुस्तिकेतून आजच बघून ठेवा. स्मार्ट चावी दाराशेजारच्या खुंटीला आणि गाडी भिंतीपलीकडे, अशी मांडणी असेल तर गाडी आणि चावी रात्रभर एकमेकींना साद देत राहतात आणि सेल लवकर उतरतो. खुंटी घराच्या आतल्या बाजूला हलवा. सेल बदलल्याची तारीख कागदाच्या बारीक चिठ्ठीवर लिहून झाकणाच्या बाहेरून चिकटवा, आत नको, आणि कपाटातल्या दुसऱ्या चावीचा सेलही याच बैठकीत तपासून घ्या.