भोपळ्याच्या शेतावर सहकुटुंब जाण्यापूर्वी : न्यू जर्सीकरांसाठी तयारीची यादी

सप्टेंबरच्या अखेरीपासून ३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनपर्यंत जेमतेम पाच-सहा आठवडे चालणारी भोपळ्याच्या शेतावरील सहल आता न्यू जर्सीतील बहुतेक मराठी कुटुंबांच्या दिनदर्शिकेत नवरात्र, कोजागिरी आणि दिवाळी यांच्या गर्दीतही आपली जागा राखून असते. मुलांच्या शाळेतून, शेजारच्या घरांच्या पायऱ्यांवरून आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांना ‘इथले काहीतरी’ दाखवण्याच्या इच्छेतून ही सवय लागली. शेतकऱ्याच्या बाजूनेही हिशेब सरळ आहे. घाऊक बाजारात भोपळ्याला मिळणाऱ्या भावापेक्षा प्रवेशशुल्क, ट्रॅक्टरची फेरी आणि गरम डोनट यांतून मिळणारा पैसा कितीतरी अधिक खात्रीचा असतो. अमेरिकेच्या कृषी गणनेनुसार शेतीपर्यटनाचे देशभरातील उत्पन्न, महागाईचा हिशेब धरूनही, २०१२ मध्ये सुमारे ७० कोटी डॉलर होते, ते २०१७ मध्ये सुमारे ९५ कोटींवर गेले. ही लोकप्रियता चांगलीच आहे, पण तिच्यामुळेच ‘चला, रविवारी जेवून निघू’ असे म्हणून निघालेल्या कुटुंबाचा अर्धा दिवस गाडी लावण्याच्या रांगेत जातो. म्हणून ही यादी.

सर्वांत आधी दिवस ठरवावा आणि तो ठरवताना मंडळाच्या कार्यक्रमांबरोबर पिकाचाही विचार करावा. या भागात भोपळ्याची पेरणी मेअखेर ते जूनमध्ये होते, जातीनुसार फळ तयार व्हायला ९० ते १२० दिवस लागतात आणि पहिल्या कडक फ्रॉस्टमध्ये, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीत, वेल काळे पडून मरतात. सप्टेंबरअखेरीस निवडीला वाव भरपूर असतो, परंतु आणलेला भोपळा महिनाभर सांभाळावा लागतो. ऑक्टोबरच्या तिसऱ्या-चौथ्या शनिवार-रविवारी गर्दी कळसाला पोचते आणि शेतात उरलेले भोपळे बहुधा इतरांनी हाताळून सोडून दिलेले असतात. माझ्या मते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातील कामाच्या दिवशीची दुपार सर्वोत्तम आणि ते शक्य नसेल तर शनिवार-रविवारी शेत उघडते तीच वेळ गाठावी. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी कोलंबस डेची सुट्टी असते, त्या दिवशी सर्वांना एकच कल्पना सुचते.

दिवस ठरला की शेताच्या संकेतस्थळावरील नियम शांतपणे वाचावेत. चेस्टर येथील अल्स्टेड फार्म्ससारख्या मोठ्या शेतांवर आणि प्रिन्स्टनजवळील टरह्यून ऑर्चर्ड्ससारख्या जुन्या कौटुंबिक बागांवर हंगामातील व्यवस्था एकसारखी नसते. कोठे वेळ ठरवून तिकीट आधीच काढावे लागते, कोठे प्रवेश मोफत असून फेरीचे वेगळे पैसे असतात, कोठे भोपळा पौंडावर विकला जातो तर कोठे आकारावर. तिकिटात भोपळा धरलेला आहे की नाही, हा प्रश्न विचारायचा राहतो आणि मग पाच जणांच्या कुटुंबाचा खर्च दुप्पट होतो. घरचे खाणे आत नेता येते का, पाळीव कुत्रा चालतो का आणि पाऊस आल्यास तिकिटाचे काय, हेही तेथेच कळते. आणखी एक गोष्ट फोन करून विचारण्यास संकोच करू नये : भोपळे खरोखर वेलावर आहेत, की दुसरीकडून आणून शेतात मांडलेले आहेत? दोन्ही प्रकार सर्रास चालतात आणि दुसऱ्यात फसवणूक आहे असे मी मानत नाही, कारण सलग त्याच जमिनीत भोपळा घेतला तर रोग वाढतात आणि पावसाळी वर्षी पीक हातचे जाते. मात्र मुलांना वेल, पान आणि फळ एकत्र दाखवायचे असेल, तर चौकशी करूनच शेत निवडावे.

कपड्यांबाबत फार लिहिण्याचे कारण नाही, पण तीन गोष्टी टाळता येत नाहीत. सकाळी आठ-नऊ अंश सेल्सियस आणि दुपारी अठरा-वीस असे हवामान असल्यामुळे एका जाड कोटापेक्षा काढता-घालता येणारे दोन-तीन थर बरे. पायांत जुने, बंद आणि चिखलाने खराब झाले तरी चालतील असे बूट असावेत. आजी साडी नेसूनच येणार असतील तर ती थोडी वर खोचून आत लेगिंग आणि मोजे घालण्याचा आग्रह नातवंडांकरवी करावा, कारण चप्पल नांगरलेल्या ओल्या मातीत रुतते आणि वेलांत अडकते. तिसरी गोष्ट गोचिडीची. लाइम रोग पसरवणारी हरणांवरची पूर्ण वाढलेली गोचीड या राज्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पुन्हा सक्रिय होते, म्हणून लांब पँट मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत व केसांच्या कडेला नीट पाहावे.

गाडीत घ्यायचे सामान थोडके आहे. डिकीत अंथरायला जुनी चादर किंवा ताडपत्री, भोपळे गडगडू नयेत म्हणून दोन-तीन खोकी, चिखलाचे बूट ठेवायला पिशव्या, मुलांसाठी कपड्यांचा एक जादा जोड, पाणी, वेट वाइप्स, थोडी रोख रक्कम आणि बागकामाचे हातमोजे. हातमोजे चैनीखातर नव्हेत. या भोपळ्याच्या देठावर आणि वेलावर बारीक राठ काटे असतात आणि ते लहान मुलांच्या तळहाताला चांगलेच बोचतात. बाबागाडी न्यायची असल्यास मोठ्या चाकांची न्यावी, एरवी बाळाला कडेवर किंवा झोळीत घेणे सोपे. वृद्ध माणसे बरोबर असतील तर स्वच्छतागृह कोठे आहे हे पोचल्याबरोबर पाहून ठेवावे आणि ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीच्या पायऱ्या किती उंच आहेत तेही, कारण पेंढ्याच्या गठ्ठ्यांवर बसून जाण्यात मौज असली तरी गुडघ्यांचे दुखणे असणाऱ्यांना ती चढउतार जड जाते.

आता मुख्य प्रश्न : भोपळा कशासाठी हवा आहे? हे घरीच ठरवून निघावे, कारण कोरायचा भोपळा आणि खायचा भोपळा हे येथे दोन वेगळे जिन्नस आहेत. पायऱ्यांवर ठेवायचा, डोळे-दात कोरायचा मोठा नारिंगी भोपळा, म्हणजे मॅसॅच्युसेट्समधील शेतकरी जॉन हाउडन यांनी तयार केलेली हाउडन जात किंवा तिच्यासारखी दुसरी, ही कुकुर्बिटा पेपो या प्रजातीतील असते. तिचा देठ पाच धारांचा व लाकडासारखा टणक, आतली पोकळी मोठी, भिंत कोरण्याजोगी आणि गर पाणचट व रेषाळ असतो. त्याची भाजी करू नये असे कोणी सांगत नाही, पण ती केल्यावर पुन्हा कोणी मागतही नाही. आपल्याकडचा लाल भोपळा कुकुर्बिटा मोस्काटा या प्रजातीचा, मूळ अमेरिका खंडातूनच आलेला, आणि त्याचा येथील सख्खा भाऊबंद म्हणजे बटरनट स्क्वॉश. म्हणून घारगे, दह्यातले भरीत किंवा उपवासाची भाजी करायची असेल तर शेताच्या दुकानातून बटरनट घ्यावा किंवा लहान, गोडसर ‘शुगर पंपकिन’ घ्यावा.

कोरण्यासाठीचा भोपळा निवडताना घाई करू नये. प्रथम तो उलटा करून जमिनीला टेकलेली बाजू पाहावी. तेथे फिकट डाग असणे स्वाभाविक आहे, पण बोटाने दाबल्यावर मऊ लागणारी किंवा ओलसर काळपट दिसणारी जागा असेल तर तो भोपळा चार दिवसांत बसतो. मग देठाच्या भोवताली दाबून पाहावे. सालीवर नख टोचून पाहिले आणि ते सहज रुतले, तर फळ अजून कोवळे आहे. मात्र अशी परीक्षा कडेला, हलक्या हाताने करावी, कारण नखाची खूणसुद्धा पुढच्या माणसासाठी कुजण्याचे दार उघडते. पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, दिसली म्हणून फळ वाईट समजू नये, हंगामाच्या शेवटी ती असतेच. भोपळा सपाट पृष्ठभागावर डगमगतो का ते पाहावे. आणि तो कधीही देठाला धरून उचलू नये. देठ ही मूठ नव्हे. तो तुटला की त्या जागेतून बुरशी आत शिरते. वेलावरून स्वतः कापायचा असल्यास शेतावरची कात्री मागून घ्यावी आणि सात ते दहा सेंटीमीटर देठ ठेवून कापावा, पिळून तोडू नये. तोडून मग नको म्हणून सोडलेला भोपळा शेतकऱ्याचे निव्वळ नुकसान असते, त्यामुळे आधी सर्व शेत फिरून घ्यावे, मगच कात्री लावावी.

वजनाचा अंदाजही आधी घ्यावा. मध्यम दिसणारा भोपळा सहज २० ते २५ पौंड, म्हणजे नऊ ते अकरा किलो भरतो. पौंडाने विकणाऱ्या शेतावर असे तीन घेतले की काट्यापाशी चेहरे उतरतात. प्रत्येक मुलाला ‘स्वतःला उचलून आणता येईल एवढाच’ हा नियम घालून द्यावा. त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो, वाद होत नाहीत आणि वडिलांची पाठही शाबूत राहते. कोणाला राक्षसी भोपळ्यांचे आकर्षण असेल तर ते पाहण्यापुरते ठेवावे. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे तोलल्या गेलेल्या भोपळ्याने २,७४९ पौंडांचा तत्कालीन जागतिक विक्रम केला होता, पण त्या जातीची चव आणि आपली डिकी या दोन्हींचा विचार केला तर छायाचित्र पुरेसे आहे.

छायाचित्रांसाठी भोपळ्यांवर मुलांना बसवणे, उभे करणे किंवा ओळींमधले वेल तुडवत आत जाणे टाळावे. ही बाग नव्हे, कोणाचे तरी उभे पीक आहे. मक्याच्या भूलभुलैयात, जो आजच्या स्वरूपात १९९३ साली पेनसिल्व्हेनियातील अ‍ॅनव्हिल येथे प्रथम साकारला, शिरण्यापूर्वी मुलांना भेटण्याची जागा ठरवून द्यावी, कारण दाट मक्यात हाक लांब जात नाही. मक्याचे धाटे मोडून मधूनच वाट काढण्याचा मोहही आवरावा. शेळ्या-मेंढ्यांना खाऊ घालण्याच्या जागेतून बाहेर पडताच साबण-पाण्याने हात धुणे सक्तीचे करावे. नुसते सॅनिटायझर चोळून भागत नाही, कारण जनावरांपासून पसरणारा ई. कोलाय हा जिवाणू लहान मुलांत गंभीर आजार निर्माण करू शकतो. त्याच कारणाने बाटली, चोखणी आणि खाऊ त्या कुंपणाच्या आत नेऊ नये.

खाण्यापिण्यात सायडर डोनट चुकवू नये, परंतु अंडे न खाणाऱ्यांनी आधी विचारावे, ते बहुतेक ठिकाणी असते. सफरचंदाचे ताजे, गढूळ, मद्यविरहित सायडर पाश्चराइझ केलेले आहे का हे लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांच्यासाठी जरूर पाहावे. नवरात्रात गेल्यास उपवास करणाऱ्यांसाठी केळी, शेंगदाण्याचे लाडू आणि थर्मासमधील चहा गाडीत असू द्यावा; शेताच्या आत नेण्यास मनाई असली तरी पार्किंगमध्ये डिकी उघडून चहा घेण्यास सहसा कोणाची हरकत नसते.

घरी आणल्यावर भोपळा ओल्या कापडाने पुसून कोरडा करावा आणि थेट फरशीवर किंवा गालिच्यावर न ठेवता पुठ्ठ्यावर, थंड व कोरड्या जागी ठेवावा. १० ते १३ अंश सेल्सियस तापमानात निरोगी, न कोरलेला भोपळा दोन-तीन महिने राहतो. बाहेर पायऱ्यांवर ठेवल्यास रात्री पारा शून्याखाली जाणार असेल तेव्हा आत घ्यावा आणि खारी कुरतडत नाहीत ना ते पाहावे. कोरणे ३१ तारखेच्या दोन-तीन दिवस आधीच करावे, कारण कोरलेला भोपळा आठवडाभरात सुरकुततो. आत मेणबत्तीऐवजी बॅटरीचा दिवा ठेवावा. कोहळा किंवा भोपळा यांवर पहिली सुरी घरातल्या पुरुषाने चालवायची, असा काही घरांतला रिवाज आजी आठवून सांगतील. त्यावर वाद न घालता ते टणक साल कापण्याचे काम आजोबांकडे आणि नंतर बाबांकडे सोपवून मोकळे व्हावे.

कोरताना निघालेल्या बिया धुऊन, वाळवून, मीठ लावून ओव्हनमध्ये भाजाव्यात. घारग्यांसाठी बटरनट किसून थोड्या तुपावर वाफवावा, गूळ घालून आटवावा आणि गार झाल्यावर त्यात मावेल एवढीच कणीक व थोडी तांदळाची पिठी घालून पाणी न लावता मळावे. कोरायच्या भोपळ्याचा कीस घेतल्यास पाणी इतके सुटते की पीठ वाढवत जावे लागते आणि घारगे चिवट होतात. रंगवलेला किंवा दोन-चार दिवस बाहेर राहिलेला कोरीव भोपळा मात्र कोणत्याही रूपात खाऊ नये. नोव्हेंबर उजाडल्यावर तो रानाच्या कडेला टाकू नये. मेण, रंग आणि खिळे काढून कंपोस्टमध्ये घालावा, किंवा आपल्या गावात पाला उचलण्याच्या फेरीत तो घेतात का हे नगरपालिकेच्या वेळापत्रकात पाहून ठेवावे.