रग्बी लीगचा ड्राफ्ट आखताना: पाळी ठरवण्याआधीची तयारी

ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये (नॅशनल रग्बी लीग) ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने खेळाडू निवडायची पद्धत, आणायचा विषय निघाला की सगळे आधी पाळीवर भांडतात: तळाच्या क्लबला पहिली निवड द्यायची की सोडत काढायची? तयारीच्या यादीत ते काम बरंच खाली येतं. यादीच्या पहिल्या ओळीवर कोर्टाचा निकाल लिहा.

एनआरएलच्या आधी ही स्पर्धा चालवणाऱ्या न्यू साउथ वेल्स रग्बी लीगने 1990 मध्ये ड्राफ्ट आणला होता, तोही करार संपलेल्या खेळाडूंसाठी. टेरी हिल या खेळाडूला वेस्टर्न सबर्ब्ज क्लबकडे जायचं होतं, उचललं ईस्टर्न सबर्ब्जने. दीडशेहून जास्त खेळाडू कोर्टात गेले. आधी लीग जिंकली, पण 1991 मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने तो ड्राफ्ट व्यवसायस्वातंत्र्यावरचं अवाजवी बंधन ठरवून मोडीत काढला. त्याच्याही आधी, 1971 मध्ये, बालमेन क्लबच्या डेनिस टटीच्या खटल्यात तिथल्या हायकोर्टाने (ऑस्ट्रेलियात तेच सर्वोच्च न्यायालय) खेळाडूला अडवून ठेवण्याचे आणि बदलीसाठी पैसे मागण्याचे नियम उडवले होते. म्हणजे या खेळाच्या नियमावलीला दोनदा चटका बसलेला आहे.

त्यामुळे पहिल्या महिन्यात तीन कागद तयार ठेवा. ड्राफ्ट फक्त नव्याने येणाऱ्या मुलांसाठी आहे, करार संपलेला खेळाडू त्यात कधीच येणार नाही, असं स्पष्ट सांगणारा एक. दुसरा खेळाडू संघटनेशी व्हायच्या सामूहिक कराराचा मसुदा. सध्याचा करार 2027 पर्यंतचा आहे, तेव्हा ड्राफ्टचं कलम पुढच्या करारातच बसवा, मध्येच परिपत्रक काढून नको. तिसरा कागद सगळ्यात अवघड: पगारमर्यादा (प्रत्येक क्लबच्या एकूण पगारखर्चावरची कमाल मर्यादा) असताना ड्राफ्टची गरज काय, याचं आकड्यांसह उत्तर. पेनरिथने 2021 ते 2024 सलग चार विजेतेपदं घेतली आणि वेस्ट्स टायगर्स 2022, 2023, 2024 असे सलग तीन हंगाम तळाला राहिले, हे सांगायला सोपं आहे. पण तळाला राहण्याचं कारण गुणवत्तेचा तुटवडा की कारभार, हा प्रश्न समोरचा वकील विचारणारच. पहिली निवड मिळाली म्हणून क्लबचा कारभार सुधारत नाही.

‘एएफएलमध्ये (ऑस्ट्रेलियन फुटबॉलची लीग) ड्राफ्ट चालतो, मग इथे का नाही?’ असं कोणी म्हटलं तर उत्तर हाताशी असू द्या. ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या पोराला व्यावसायिक म्हणून दुसरीकडे जायला जागाच नाही. रग्बी लीगच्या मुलापुढे इंग्लंडची सुपर लीग आहे, आणि रग्बी युनियन, म्हणजे रग्बीचा दुसरा, पंधराजणांचा खेळ, तर दारातच उभी आहे; जोसेफ सुआली सिडनी रूस्टर्समधून 2024 चा हंगाम संपवून तिकडे गेलाच. नको त्या शहरात पाठवलं तर मुलगा क्लबच नाही, खेळच बदलू शकतो. म्हणून नियम कडक करताना हात आखडता घ्या.

आता नर्सरीचा, म्हणजे क्लबने लहान वयापासून मुलं घडवण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न. इथे घाई केली तर पुढचं सगळं फसतं. पेनरिथसारखा क्लब पश्चिम सिडनीतल्या ज्युनिअर क्लबांमधून मुलं हेरतो, हॅरल्ड मॅथ्यूज कप, एसजी बॉल कप, जर्सी फ्लेग अशा वयोगटांतून वर आणतो. प्रशिक्षक, फिजिओ, बसभाडं, जेवण, शाळेची फी हा खर्च क्लबचा. मेलबर्नला असा परिसरच नाही. तिथल्या स्टॉर्म क्लबने आपले मोठे खेळाडू क्वीन्सलंडमधून आणून घडवले. सरळ उलट्या क्रमाचा (तळाच्या क्लबची निवड आधी) ड्राफ्ट लावला तर सतराव्या वर्षी तयार झालेला मुलगा दुसऱ्याच्या ताटात जाईल, आणि तिसऱ्या वर्षी पेनरिथचा हिशेबनीस विचारेल की आपण सोळा वर्षांखालचा संघ कशासाठी चालवतोय? मग नुकसान एका क्लबचं राहत नाही, पुरवठाच आटतो.

यावर दोन उपाय एकत्र लागतात. पहिला पैशाचा: मुलाने ज्या क्लबच्या व्यवस्थेत जितके हंगाम काढले, तितक्या हप्त्यांची भरपाई त्या क्लबला द्यायची. ती उचलणाऱ्या क्लबने नव्हे, लीगच्या मध्यवर्ती निधीतून द्यायची. नाहीतर तळाच्या क्लबवर भुर्दंड पडतो आणि टटीच्या खटल्यातली बदलीची रक्कम नव्या नावाने परत येते. दुसरा उपाय हक्काचा: दर वर्षी प्रत्येक क्लबला आपल्या नर्सरीतल्या दोन मुलांवर बोली जुळवण्याचा हक्क. दुसऱ्या क्लबने नाव पुकारलं, की मूळ क्लब तेवढ्या किमतीच्या निवडी मोजून मुलगा ठेवू शकतो.

ही किंमत कशी मोजायची, ते एएफएलच्या 2015 च्या कोष्टकावरून समजून घ्या. त्यात पहिली निवड 3000 गुणांची, पाचवी 1878, अठरावी 985, छत्तिसावी 502. समजा, पाचव्या निवडीवर कोणी तुमच्या मुलाचं नाव पुकारलं. मूळ क्लबला त्या वेळी मिळणाऱ्या 20 टक्के सवलतीने तुम्हाला सुमारे 1502 गुण मोजायचे. अठरावी आणि छत्तिसावी निवड मिळून होतात 1487. उरलेले 15 गुण आणखी खालच्या निवडीतून कापायचे. कागदावर झकास. प्रत्यक्षात क्लब आपली वरची निवड विकून खालच्या निवडींची चिल्लर गोळा करत राहिले आणि त्या चिल्लरीवर पहिल्या फेरीतला खेळाडू घेऊ लागले. पुढे सवलत 10 टक्क्यांवर आणून कोष्टकही बदलावं लागलं. म्हणून पहिल्याच मसुद्यात दोन कुलपं लावा: जुळवणीसाठी जास्तीत जास्त दोन निवडी वापरता येतील, आणि त्यातली एक बोलीच्याच फेरीतली किंवा तिच्या लगेच पुढच्या फेरीतली असावी लागेल. वरचं उदाहरण या कुलपात अडकतं: पंधरा गुणांसाठी तिसरी निवड वापरता येत नाही, म्हणजे क्लबला आधी बाजारात जाऊन वरची निवड मिळवावी लागेल. तेच हवं आहे.

वडिलांच्या क्लबला प्राधान्य देणारा नियम एएफएलमध्ये आहे (वडिलांचे त्या क्लबसाठी 100 सामने हवेत). तो इथे उचलू नका. एनआरएलमधले जवळजवळ निम्मे खेळाडू पॅसिफिक बेटांच्या वंशाचे आहेत. त्यांच्यातल्या बहुतेकांचे वडील या लीगमध्ये खेळलेलेच नाहीत.

पात्रता थोडक्यात: ड्राफ्टच्या वर्षी 31 डिसेंबरला 18 पूर्ण. एकोणीस ठेवलं तर आणखी बरं, कारण सतराव्या वर्षी आडदांड दिसणारा फॉरवर्ड (ताकदीने पुढे रेटणारा खेळाडू) बरेचदा फक्त लवकर वाढलेला असतो, आणि चांगला हाफबॅक (चाली रचणारा खेळाडू) उशिरा पिकतो. तारीख नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरा. त्याआधी बारावीच्या परीक्षा असतात, आणि 1 नोव्हेंबरला पुढच्या वर्षी करार संपणाऱ्यांशी बोलणी खुली होतात. दोन्हींची गर्दी एकाच आठवड्यात नको. पंधरा-सोळाव्या वर्षी ज्यांचे करार आधीच झालेत त्यांना हात लावू नका. घोषणा आणि पहिला ड्राफ्ट यात तीन वर्षं ठेवा.

फेऱ्या तीन पुरेत. 17 क्लब, 51 नावं. तीसजणांच्या मुख्य यादीत वर्षाला तीन नवे म्हणजे दहावा हिस्सा. ‘पास’ म्हणायची मुभा द्या. पर्थचा नवा क्लब 2027 मध्ये आणि पापुआ न्यू गिनीचा 2028 मध्ये येणार, म्हणून सगळी कोष्टकं 17, 18 आणि 19 क्लबांसाठी वेगवेगळी छापून ठेवा.

आता पाळी. नुसता उलटा क्रम ठेवला तर हंगामाच्या शेवटाकडे, ऑगस्टमध्ये, तळाचे क्लब प्रमुख खेळाडूंची ‘दुखापत’ फार काळजीने जपू लागतात. उपाय सोडतीचा, आणि म्हाडाची सोडत पाहिलेल्यांना तो समजावून सांगावा लागणार नाही. अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगची, एनबीएची, पद्धत घ्या: 14 क्रमांकित चेंडू, त्यातले चार काढायचे, एकूण 1001 जुळण्या, एक बाद. अंतिम आठात न आलेल्या नऊ क्लबांना त्या हजार जुळण्या अशा वाटा: शेवटच्या तिघांना प्रत्येकी 200, त्यावरच्या तिघांना प्रत्येकी 100, उरलेल्या तिघांना 40, 35, 25. शेवटून पहिला आणि शेवटून तिसरा यांची संधी सारखीच, त्यामुळे शेवटच्या तिघांत मुद्दाम हरून फारसं काही पदरात पडत नाही. सोडत पहिल्या तीन पाळ्यांपुरतीच. बाकी उलटा क्रम. पुढच्या वर्षांच्या निवडी विकायला मुभा द्या, पण लागोपाठ दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी विकता येणार नाहीत. क्लीव्हलँड संघाच्या मालकाने त्या उधळल्या म्हणून एनबीएला हाच नियम करावा लागला.

करार दोन वर्षांचा, निवडीच्या क्रमानुसार ठरलेल्या मानधनाचा. घरापासून दूर गेलेल्याला पहिल्या वर्षी निवास आणि कुटुंबाच्या चार फेऱ्यांचं विमानभाडं लीगकडून; गरम हवेच्या टाउन्सव्हिलचा मुलगा मेलबर्नला किंवा ऑकलंडला गेला तर पहिला हिवाळाच त्याला परत पाठवतो. नकार देणाऱ्यावर क्लबचा हक्क एकच वर्ष. नंतर तो पुन्हा ड्राफ्टमध्ये किंवा मोकळा. ‘आमच्या मुलाला उचलू नका, तो येणार नाही’ अशी कुजबुज एजंट करणारच. ती लेखी द्यायला लावा आणि सगळ्या क्लबांना एकाच वेळी दाखवा.

वैद्यकीय तपासणी लीगने एकदाच करायची: खांदा आणि गुडघ्याचा एमआरआय, डोक्याला मार लागल्याची पूर्ण नोंद. मैदानी चाचणीत 20 मीटर धाव आणि ब्रॉन्को (20, 40, 60 मीटर जाऊन-येऊन, पाच वेळा, एकूण 1200 मीटर) पुरे. टॅकल कसा करतो ते घड्याळात दिसत नाही, त्यासाठी सामन्यांची चित्रफीतच हवी.

शेवटी रंगीत तालीम, आठ दिवस आधी, गेल्या हंगामाच्या गुणतालिकेवर. पहिल्या फेरीत प्रत्येक निवडीला पाच मिनिटं, पुढे दोन. प्रत्येक नावासोबत नोंदणी क्रमांक पुकारायचा, कारण एकाच आडनावाचे तीन चुलतभाऊ यादीत असणं इथे नवल नाही. एका क्लबची फोनलाइन मुद्दाम तोडा, एक अपात्र नाव मुद्दाम पुकारा, आणि दहा सेकंद उरले असताना एक बोली जुळवायला लावा. बोली जुळवताना मुख्य घड्याळ थांबतं की चालू राहतं, हे नियमावलीत लिहायचं हमखास राहून गेलेलं असतं. तालमीत ते सापडलं, तर त्याच रात्री कलम दुरुस्त करून सतराही क्लबांच्या सह्या घ्या.